रायफलीच्या तोंडाशी ट्यूब, वजन आणि फ्रंट साइट: बसवायची कशी आणि ग्रुप फुटतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव भागातल्या एका क्लबात 10 मीटरच्या दोन प्री-चार्ज्ड (दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरवर चालणाऱ्या) एअर रायफली आहेत, काही स्प्रिंगच्या शिकाऊ रायफली आहेत आणि परवान्यावरची, काडतुसाची एक .22 आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये बॅरलच्या तोंडावर ब्रेक (झटका कमी करणारा तुकडा) किंवा अडॅप्टर चढवून त्यावर सायलेन्सर लावताना मुलं बघतात आणि विचारतात, आपल्याला असं काही करता येईल का? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एका रायफलीला नवी बॅरल ट्यूब (बॅरलपुढे जोडायची पोकळ नळी) आणि पुढचं वजन लावलं, तेव्हापासून ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका, फुटला, आणि ट्यूब काढून परत लावली की झीरो, म्हणजे नेम आणि फटका यांची जुळवणी, दरवेळी वेगळीकडे जातो. असं का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. नाही, करता येणार नाही. शस्त्र अधिनियम 1959 मधली अग्निशस्त्राची व्याख्या फक्त बंदुकीपुरती नाही. फैरीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेलं किंवा तसं जुळवून घेतलेलं साधनसुद्धा त्याच व्याख्येत, कलम 2(1)(ई) मध्ये, अग्निशस्त्र म्हणून धरलं आहे. म्हणजे सायलेन्सर रायफलीला न लावता नुसता कपाटात ठेवला तरी कायद्याच्या नजरेत ते अग्निशस्त्रच. ज्वाला लपवणारा फ्लॅश हायडरही त्यातच आला. ‘एअर रायफलला चालतं’ हा समजही चुकीचा आहे, कारण त्या व्याख्येत स्फोटकाबरोबर इतर प्रकारच्या ऊर्जेने गोळी सोडणारी हत्यारंही येतात. .177 बोअरच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही ही सवलत त्या रायफलीपुरती आहे, तिच्या तोंडाला लावायच्या सायलेन्सरला ती लागू होत नाही. बनवणं, बदल करणं, दुरुस्त करणं यासाठी कलम 5 आहे आणि बॅरल आखूड करण्यासाठी कलम 6 आहे. वरणगाव-भुसावळकडे आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एकाहून एक फिटर आहेत, जळगावच्या आणि धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारे टर्नर आहेत. त्यांचा हात कितीही साफ असला तरी परवान्याशिवाय .22 च्या बॅरलवर आटे पाडून देणं हा त्यांच्यासाठी गुन्हा आहे. ओळखीचा माणूस म्हणून त्यांना त्यात ओढू नका.

स्पर्धेचे नियमही त्याच बाजूला आहेत. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल नियमांत कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक चालत नाहीत, बॅरलला किंवा ट्यूबला भोकं पाडलेली चालत नाहीत, आणि आत रायफलिंग व चेंबरखेरीज कोणतीही रचना चालत नाही. चालतं ते एवढंच: आतून पूर्ण मोकळी साधी एक्स्टेंशन ट्यूब, बॅरलच्या मध्यापासून 30 मिमी त्रिज्येच्या आत बसणारी वजनं, आणि फ्रंट साइट. यापुढचं सगळं उत्तर या तीन गोष्टींबद्दल आहे.

ट्यूब का लावतात ते आधी नीट समजून घ्यावं, म्हणजे ती काय बिघडवू शकते हे आपोआप कळतं. प्री-चार्ज्ड मॅच रायफलीत छऱ्याचं खरं बॅरल साधारण 400 मिमीच्या आसपास असतं. बॅरल आखूड ठेवलं की छर्रा लवकर बाहेर पडतो आणि ट्रिगर दाबल्यानंतर झालेल्या हालचालीला कमी वेळ मिळतो. पण फ्रंट साइट जितकी पुढे, तितका साइटचा पल्ला लांब आणि नेम तितका बारीक. या दोन्ही गोष्टी साधायला बॅरलच्या पुढे पोकळ नळी जोडायची आणि साइट तिच्यावर बसवायची. म्हणून अशा रायफलीत फ्रंट साइट थेट बॅरलवर बसलेली नसते, ती ट्यूबवर असते. ट्यूब हलली की साइट हलली, साइट हलली की झीरो गेला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता आकडे बघू. 10 मीटर एअर रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका 0.5 मिमीचा आणि छर्रा 4.5 मिमीचा. छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या मध्यापासून 2.5 मिमीच्या आत पडलं तरच दहा. दशांश गुणांत प्रत्येक 0.1 म्हणजे 0.25 मिमी. मागच्या डायऑप्टरपासून (बारीक भोकाच्या साइटपासून) फ्रंट साइटपर्यंतचं अंतर 750 मिमी धरा. फ्रंट साइट 0.1 मिमीने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी सरकली, तर 10 मीटरवर फटका सुमारे 1.3 मिमी सरकतो. म्हणजे दशांश गुणांत अर्धा गुण गेला. नेमबाजाचं काहीही चुकलेलं नसताना 10.6 चा फटका 10.1 होतो. मुलं याला ‘आज हात स्थिर नव्हता’ म्हणतात आणि प्रशिक्षक ट्रिगर सुधारायला लावतो. खरा दोष ट्यूबच्या टोकाशी असतो.

हे 0.1 मिमी येतं कुठून? बहुतेक वेळा खांद्यावरून, म्हणजे ट्यूब जिच्यावर टेकते त्या बॅरलवरच्या पायरीवरून. आट्याची जोडणी असलेल्या कुठल्याही ट्यूबमध्ये आटे फक्त ओढून धरायचं काम करतात, सरळ धरायचं काम खांद्याचं असतं. आट्यांमध्ये खेळ असतोच, असावाच लागतो, नाहीतर ते चढणार नाहीत. ट्यूबचा मागचा चेहरा बॅरलच्या खांद्यावर सगळीकडून सारखा टेकला की ट्यूब सरळ. एका बाजूला 0.02 मिमीचा कण अडकला, खांद्याचा व्यास 15 मिमी आणि ट्यूब 200 मिमी लांब असेल, तर ट्यूबचं टोक जवळजवळ 0.27 मिमी कलतं. आधीच्या हिशोबाने 10 मीटरवर हा फरक साडेतीन मिमीच्या वर गेला, म्हणजे फटका सरळ दहाच्या बाहेर. 0.02 मिमीचा कण डोळ्याला दिसत नाही, नखालाही लागत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ रेंजमध्ये खिडक्या बंद असल्या तरी येते. ट्यूब काढून टेबलावर उघडी ठेवली, मग तशीच परत चढवली, की झीरो वेगळीकडे गेलाच म्हणून समजा. दरवेळी कण वेगळ्या जागी बसतो, म्हणून दरवेळी झीरो वेगळा.

म्हणून बसवायची रीत अशी ठेवा. आधी सुरक्षितता: सिलिंडर काढा, नंतर रायफल सुरक्षित पेलेट ट्रॅपकडे धरून कोरी फैर सोडा. सिलिंडर काढला तरी रेग्युलेटरच्या (दाब आवरणाऱ्या भागाच्या) मागेपुढे एक-दोन फैरींपुरती हवा शिल्लक असते, हे विसरलं जातं. हवा संपल्याची खात्री झाली की बोल्ट उघडा ठेवा आणि बॅरलमधून सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार घाला. ती बाहेर काढायची फक्त तेव्हा, जेव्हा बोअरमधून (बॅरलच्या आतल्या भोकातून) बघायचं किंवा रॉड घालायचा असेल.

मग जुनी ट्यूब काढताना रायफल कुठे धरता याकडे लक्ष द्या. मॅच एअर रायफलीत बॅरल रिसिव्हरमध्ये (यंत्रणेच्या मुख्य भागात) क्लॅम्पने किंवा ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरलेलं असतं. रिसिव्हर शिकंज्यात पकडून ट्यूबवर जोर लावला तर ट्यूब सुटण्याआधी बॅरलच आपल्या जागेवर फिरू शकतं. मग सगळंच परत जुळवत बसावं लागतं. बॅरल ट्यूबच्या लगतच मऊ जबड्यांत धरा. लाकडाचे किंवा जाड चामड्याचे जबडे चालतात. ट्यूब हाताने फिरवा, हाताला आली नाही तर पट्ट्याचा पाना वापरा. पक्कड किंवा पाइप पाना लावू नका. ॲल्युमिनियमची ट्यूब दाबली गेली की गोल राहत नाही आणि मग फ्रंट साइटचा क्लॅम्प तिच्यावर कधीच नीट बसत नाही.

खांदा, आटे आणि ट्यूबचा मागचा चेहरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाने नको, त्याचे तंतू मागे राहतात. चष्म्याचं मायक्रोफायबर कापड उत्तम. आटे जुन्या टूथब्रशने घासा. मग खांद्यावर बोट न लावता उजेडात आडवं धरून बघा. एका बाजूला चमकदार चट्टा आणि दुसऱ्या बाजूला मंद पट्टा दिसला तर तिथे पूर्वीपासून एकीकडेच भार येतो आहे. खात्रीसाठी खांद्यावर मार्करची शाई अगदी पातळ लावा, वाळू द्या, ट्यूब हाताने चढवून टेकवा आणि काढा. शाई पूर्ण वर्तुळात पुसली गेली पाहिजे. अर्ध्याच वर्तुळात गेली तर ट्यूबचा चेहरा तिरका आहे. एअर रायफलीच्या ट्यूबचा चेहरा चांगला टर्नर एका सेटिंगमध्ये, बोअरवरून सेंटर घेऊन सरळ मारून देऊ शकतो. बॅरलचा खांदा मात्र लेथवर घ्यायला देऊ नका, ते निर्मात्याच्या किंवा परवानाधारक गनस्मिथच्या हातचं काम आहे.

आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, खांद्याला नाही. खांद्यावर ग्रीस राहिलं तर त्यात धूळ रुतते आणि वर सांगितलेला 0.02 चा खेळ सुरू होतो. काही जण खांद्यावर ओ-रिंग किंवा मऊ वॉशर टाकतात, ‘जरा घट्ट बसतं’ म्हणून. असं करू नका. दबणारा वॉशर सगळीकडून सारखा दबत नाही, आणि तुमचा खांदा संपला, आता ट्यूब वॉशरवर टेकली आहे. ट्यूब कुठल्या कोनावर थांबावी हे जुळवायचं असेल तर दोन्ही चेहरे समांतर घासलेली पोलादी शिम (पातळ चकती) घ्या, आणि तीही लागलीच तर. साध्या गोल ट्यूबला कोन लागतच नाही, कारण साइटचा क्लॅम्प वरून हवा तसा फिरवता येतो.

घट्ट किती करायचं? खांदा टेकल्याचं हाताला स्पष्ट कळतं. तिथून पुढे मनगटाचा एक नेटका जोर पुरे. टेकल्यावर जोड ओलांडून पांढऱ्या पेंटपेनने बारीक रेघ मारा, अर्धी बॅरलवर, अर्धी ट्यूबवर. पुढे कधीही नजर टाकली की ट्यूब ढिली झाली का ते कळतं, आणि काढून लावल्यावर रेघ पूर्वीच्या जागी आली नाही तर खांद्याखाली काहीतरी आहे हेही कळतं. एवढ्या साध्या रेघेने क्लबातले निम्मे वाद मिटतात. लॉकटाइट लावायचाच असेल तर कमी ताकदीचा जांभळा 222, तोही फक्त क्लॅम्पच्या लहान स्क्रूंना. ट्यूबच्या मोठ्या आट्यांना नको.

काही रायफलींत ट्यूब आट्यांवर नसते. ती बॅरलवर बाहीसारखी सरकते आणि एक-दोन स्क्रूंनी आवळली जाते. तिथे खांद्याची जागा लांब फिटिंगने घेतली आहे. या प्रकारात मुख्य गोष्ट म्हणजे ट्यूब बॅरलवर पूर्ण मागे टेकलेली असली पाहिजे आणि स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळले पाहिजेत. जोर लावताना ॲलन कीची लांब दांडी भोकात घाला, आखूड दांडी दोन बोटांत धरा, म्हणजे जास्त आवळलं जाणारच नाही. बॅरलवर थेट बसणारा क्लॅम्प जास्त आवळला तर बॅरलच्या भिंतीवर दाब येतो. मॅच बॅरलला तोंडाशी हलकासा चोक असतो, म्हणजे बोअर तिथे किंचित अरुंद होतो. क्लॅम्पने आणखी एक दाब नको त्या जागी आला की छर्रा दोन ठिकाणी दबतो आणि ग्रुप विनाकारण मोठा होतो. तपासायचं असेल तर छऱ्याला काही न लावता स्वच्छतेच्या रॉडने बॅरलमधून सावकाश ढकला. हाताला दाब सारखा लागत जाऊन तोंडाशी थोडा वाढला पाहिजे. मध्येच एखाद्या जागी अडल्यासारखं वाटलं आणि ती जागा क्लॅम्पच्या खाली येत असेल, तर स्क्रू सैल करून परत ढकलून बघा. रॉड प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या आणि तो ब्रीचकडूनच (छर्रा भरायच्या मागच्या टोकाकडूनच) घाला.

आता ग्रुप फुटण्याबद्दल. झीरो सरकणं वेगळं आणि ग्रुप फुटणं वेगळं. झीरो सरकतो तेव्हा छिद्रं एकत्रच असतात, फक्त जागा बदलते. ग्रुप फुटतो तेव्हा छऱ्याला वाटेत काहीतरी झालेलं असतं. ट्यूबच्या बाबतीत दोन कारणं संभवतात.

पहिलं म्हणजे छर्रा ट्यूबच्या पुढच्या टोपीला घासतो. टोपीचं भोक 8 मिमी आणि छर्रा 4.5 मिमी असेल तर चहूबाजूंनी पावणेदोन मिमी मोकळं असतं, चांगली ट्यूब इतकी कलत नाही. पण स्प्रिंग रायफलींच्या तोंडावर प्लॅस्टिकचा जो तुकडा दाबून किंवा ग्रब स्क्रूने बसवलेला असतो, त्याचं भोक बऱ्याचदा खूपच लहान असतं. शिवाय रायफल कॉक करताना (स्प्रिंग ताणताना) मुलं तोच तुकडा धरून बॅरल खाली ओढतात. स्क्रू ढिला होतो, तुकडा खाली कलतो आणि छर्रा वरच्या कडेला चाटून जातो. टॉर्च लावून भोकाची आतली कड बघा: एकाच बाजूला शिशाचा राखाडी चमकदार ओरखडा दिसला तर निदान झालं. कागदावरही कळतं. मॅच छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, घासलेला छर्रा थोडा आडवा होऊन लांबट, फाटकं भोक पाडतो. असा तुकडा सरळ काढून टाका आणि त्याच्याशिवाय दहा फैरी झाडून बघा. काढल्यावर मागे राहिलेल्या ग्रब स्क्रूच्या खुणेवर बर (धातूची उठलेली धार) उठला असेल तर बारीक तेलदगडाने अलगद साफ करा, तोंडाच्या कडेला हात न लावता. साइट त्या तुकड्यावरच असेल तर तो काढता येणार नाही. मग स्क्रूची जागा साफ करून 222 लावून परत बसवा आणि मुलांना बॅरल त्या तुकड्याच्या मागे धरून ओढायला शिकवा.

दुसरं कारण डोळ्याला दिसत नाही. छर्रा बॅरलमधून सुटतो तेव्हा त्याच्या मागची दाबाची हवा त्याला ओलांडून पुढे निघते. ती सगळीकडून सारखी पसरली तर छऱ्याला काही होत नाही. बॅरलचं तोंड ट्यूबच्या आत मध्यभागी नसेल, किंवा आत एका बाजूला ग्रीसचा गोळा, रंगाचा पोपडा, कोळ्याचं जाळं असेल, तर हवा एका बाजूने जास्त फेकली जाते आणि छऱ्याच्या स्कर्टला (मागच्या पातळ, पोकळ घेराला) ढकलते. अशा वेळी कुठेच ओरखडा नसतो, तरी ग्रुप फुटलेला असतो. बघायची पद्धत सोपी. बोल्ट उघडा, फ्लॅग काढा, ब्रीचकडून पांढरा उजेड टाका आणि रायफलीच्या तोंडासमोर मोबाइल कॅमेरा सरळ धरून फोटो काढा. फोटोत बोअरचं वर्तुळ आणि ट्यूबच्या टोपीचं वर्तुळ एकात एक, सारख्या अंतराने दिसलं पाहिजे. फोटो मोठा करून चारही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. हे काम फोटोवरच करा. रायफल मोकळी आहे हे कितीही माहीत असलं तरी तोंडासमोर डोळा लावायची सवय लहान मुलांना आपल्याकडे बघूनच लागते.

याच वेळी बॅरलच्या तोंडाची कडही तपासा. ट्यूब काढून कापसाची काडी कडेवर हलकेच गोल फिरवा. तंतू एखाद्या जागी अडकले तर तिथे बर आहे किंवा टवका उडाला आहे. 10 पट भिंगातून बघितलं की दिसतो. तोंडाची कड ही छऱ्याला शेवटचा स्पर्श करणारी जागा आहे, म्हणून बॅरलमध्ये बाकी काहीही क्षम्य असलं तरी ही कड क्षम्य नाही. ती खराब असेल तर ट्यूब, वजन, साइट यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आधी कड दुरुस्त करून घ्या, आणि तीही ज्याला ते काम येतं त्याच्याकडून. पितळी स्क्रूचं डोकं आणि पॉलिश पेस्ट लावून घरी कड गोल करायच्या युक्त्या फिरतात. मॅच बॅरलवर त्या करू नका.

वजनांकडे वळू. पुढे लावलेलं वजन आणि मागे लावलेलं वजन सारखं नसतं. पुढच्या हाताच्या आधारापासून 300 मिमी अंतरावर लावलेलं 100 ग्रॅम, हे 100 मिमी अंतरावर लावलेल्या 300 ग्रॅमइतकंच ओढतं. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाला रायफल ‘स्थिर व्हावी’ म्हणून टोकाला वजन लावणं बहुतेक वेळा उलटं पडतं. पाठ मागे जाते, कमरेवर ताण येतो, चाळिसाव्या फैरीनंतर साइट खाली सरकायला लागते. आधी आधाराजवळ लावा, मग आठवड्याला थोडं थोडं पुढे न्या. 10 मीटर रायफलीची एकूण मर्यादा 5.5 किलो आहे, साइट धरून. तोंडाशी वजन घालून रायफल 5.45 ला आली असेल तर दुसऱ्या गावच्या काट्यावर ती 5.5 च्या पुढे दिसू शकते. शंभर ग्रॅमची जागा मोकळी ठेवा. लांबीही बघा: यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या पुढच्या टोकापर्यंत 850 मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि एअर रायफलीत फ्रंट साइट त्या टोकाच्या पुढे जाता कामा नये. दुसऱ्या रायफलीची लांब ट्यूब आणून लावली की हे दोन्ही नियम एकदम मोडतात. उपकरण तपासणीत ते समजतं तेव्हा स्पर्धेला तास-दीड तास उरलेला असतो.

वजनाचे गोळे स्थानिक टर्नरकडून करून घ्यायला हरकत नाही, त्यात रायफलीचा कुठलाही भाग नाही. बोअर ट्यूबच्या व्यासापेक्षा टेपचा थर मावेल इतकाच मोठा, एका बाजूला आरपार चीर, एम4 स्क्रू, आणि आत पातळ कागदी टेपचा एक थर. व्यास मोजताना ट्यूब तीन ठिकाणी मोजा. ॲनोडाइझ केलेल्या ट्यूबवर क्लॅम्प उघड्या धातूने सरकवला की ओरखडा उठतो, आणि पुढे साइट त्याच ओरखड्यावर अडखळते.

फ्रंट साइट सरळ उभी करायला गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. 10 मीटरवर टार्गेटच्या जागी ओळंबा लटकवा, त्यामागे पांढरा कागद लावा. रायफल शिकंज्यात रिसिव्हरला धरून, रिसिव्हरच्या वरच्या रेलवर लहान पाणसळ ठेवून आडवी जुळवा. साइटमधली रिंग काढून तिथे उभी दांडी असलेलं इन्सर्ट (साइटच्या आत बसणारा बदलता तुकडा) घाला. डायऑप्टरमधून बघून दांडी ओळंब्याच्या दोरीशी समांतर होईपर्यंत साइट ट्यूबवर फिरवा, मग क्लॅम्प आवळा आणि परत बघा, कारण आवळताना ती थोडी फिरतेच. साइट तिरपी राहिली तर नेमबाज तिला सरळ बघण्यासाठी नकळत रायफल तिरपी धरतो. छर्रा 170 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगाने 10 मीटर जाईपर्यंत सुमारे 18 मिमी खाली येतो. त्यामुळे प्रत्येक अंश तिरपेपणाला फटका जवळजवळ 0.3 मिमी बाजूला जातो. तीन अंशांचा तिरपेपणा रोज सारखा असेल तर झीरो सांभाळून घेतो. पण तो कधी दोन, कधी पाच अंश होतो, आणि डावी-उजवी पसरलेली छिद्रं दिसतात.

आपल्या भागात उष्णतेचा विचार वेगळा करावाच लागतो. पोलाद एका अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम 23. सकाळी सहाला झीरो केलेली रायफल दुपारी पत्र्याच्या शेडखाली 20-25 अंश जास्त तापमानात आली की 250 मिमीची ट्यूब बॅरलच्या तुलनेत जवळजवळ 0.07 मिमी जास्त लांबते. ट्यूब एकाच टोकाला घट्ट असेल आणि दुसरं टोक मोकळं सरकत असेल तर काही बिघडत नाही. पण दोन्ही टोकांना स्क्रू आवळलेले असतील तर ही वाढ जाणार कुठे? ट्यूब किंचित वाकते. म्हणून पुढचा आधार, मग तो ओ-रिंगचा असो की बुशिंगचा, सरकता ठेवा. खिडकीतून येणारं ऊन एका बाजूने ट्यूबवर पडलं तरी तसंच होतं, तेवढ्यासाठी पडदा लावणं सोपं आहे. कूलरची हवा फायरिंग लाइनवर थेट येऊ देऊ नका. त्यातला ओलावा पोलादी खांद्यावर आणि बॅरलच्या तोंडावर बसतो, आणि पावसाळ्याआधीच गंज दिसायला लागतो. सराव संपल्यावर ट्यूबच्या बाहेरून आणि तोंडाच्या कडेवर तेलाचा नुसता वास राहील इतक्या कापडाने पुसा. स्प्रिंग रायफलीच्या बोअरमध्ये मात्र तेल टाकू नका. ते मागे कंप्रेशन चेंबरमध्ये गेलं की दाबाच्या उष्णतेने पेटतं, मोठा आवाज होतो आणि सील जळतो.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट याच ओघात. 25 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत 65 अंशांपर्यंत तापला तर आत 225 बारच्या पुढे दाब जातो. मे महिन्यात जळगावला गाडी उन्हात उभी असेल तर हे अवघड नाही. सिलिंडर 180 पर्यंतच भरून न्या आणि गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. सिलिंडरची 10 वर्षांची मुदतही वेळेवर बघत चला.

.22 च्या ट्यूबचं थोडं वेगळं आहे. तिथे दारू जळते, म्हणून बॅरलच्या तोंडाभोवती ट्यूबच्या आत मेण, शिसं आणि काजळीचा थर साचतो. शंभर-दोनशे फैरींनंतर तो कडेवर चढायला लागतो आणि ग्रुप हळूहळू मोठा होतो. बॅरल साफ असतानाही असं होत असेल तर ट्यूब काढून तोंड पुसा. ब्रॉन्झचा ब्रश कडेवर घासू नका, सॉल्व्हंटने भिजवलेलं कापड पाच मिनिटं धरून ठेवा, थर सुटतो. ट्यूबच्या आत फोम, फेल्ट, वॉशर असं काहीही घालू नका. आतून मोकळी ट्यूब आणि आत अडथळे असलेली ट्यूब यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ‘आम्ही फक्त सरावासाठी घातलं’ हे कारण पुढे चालत नाही.

सगळं बसवून झालं की कामाची परीक्षा घ्या. रायफल रिसिव्हरला किंवा निर्मात्याने सांगितलेल्या जागी धरून शिकंज्यात घ्या, बॅरलला किंवा ट्यूबला धरून नाही. एकाच डब्यातल्या छऱ्यांनी दहा फैरी झाडा. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारा छर्रा असेल तर दहा फैरींचा ग्रुप बाहेरून बाहेर 7 मिमीच्या आत यायला हवा. मग फ्रंट साइट न हलवता ट्यूब काढा, पुसा, परत चढवा आणि रेघ जुळते का बघा. शिकंज्यातला फटका बोअर कुठे बघतो ते सांगतो, साइट कुठे बघते ते नाही. म्हणून यापुढे दरवेळी डायऑप्टरमधून बघून 10 मीटरवरच्या टार्गेटवर साइट कुठे टेकते त्याची खूण करा. ट्यूब तीनदा काढून लावल्यावर साइटची खूण एकमेकींपासून 1 मिमीच्या आत राहिली तर फिटिंग आपल्या जागेवर परत येतं आहे. इकडेतिकडे 3-4 मिमी गेली तर परत खांद्याकडे जा.

क्लबच्या रायफलीवर पाच मुलं सराव करत असतील आणि प्रत्येकाला आपलं वजन, आपली साइट हवी असेल, तर ट्यूब कोणीच काढायची नाही असं ठरवून टाका. वजनं आणि इन्सर्ट बदला, ट्यूब जागेवर राहू द्या. भुसावळहून गाडीने पुण्या-मुंबईला स्पर्धेला जाताना ट्यूब काढावी लागली, तर तिचा मागचा चेहरा आणि बॅरलचा खांदा दोन्हीवर प्लॅस्टिकची टोपी घाला, आणि उतरल्यावर चढवण्याआधी दोन्ही कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. मुलाच्या वहीत झीरोचे क्लिक, ट्यूबच्या रेघेची जागा आणि वजनाचं अंतर मिमीमध्ये लिहून ठेवलेलं असलं की तिथल्या दहा मिनिटांच्या तयारीत रायफल जुळवता येते.